नताल्या साविश्ना आणि सेन्सॉरची कात्री

१८५२ सालच्या सप्टेंबरात पीटर्सबर्गच्या 'सोव्रेमेन्निक' म्हणजे 'समकालीन' या मासिकात एक दीर्घ कथा छापून आली. शीर्षक होते 'माझ्या बालपणाची हकीकत', आणि लेखकाच्या नावाच्या जागी नुसती दोन आद्याक्षरे. लेखक चोवीस वर्षांचा होता आणि दूर कॉकेशसच्या मुलखात तोफखान्याच्या एका तुकडीत अगदी खालच्या हुद्द्यावर होता. हा लेव्ह टॉलस्टॉय. आपले पहिलेच लेखन छापलेले पाहून त्याला आनंद व्हायचा, तो झाला संताप. शीर्षक त्याचे नव्हते. त्याने 'बालपण' एवढेच दिले होते. 'माझ्या' बालपणाशी लोकांना काय देणेघेणे, असा त्याचा सवाल. पण दुसरी तक्रार अधिक मोलाची आहे. संपादक नेक्रासोव यांना लिहिलेल्या आणि न पाठवलेल्या एका पत्रात त्याने ती मांडली. नताल्या साविश्ना या म्हाताऱ्या कारभारणीच्या प्रेमाची गोष्ट छापताना गाळली गेली होती. त्या गोष्टीने जुन्या काळची राहणी थोडीफार दिसत होती आणि त्या बाईला माणूसपण येत होते, असे त्याचे म्हणणे.

कोण ही नताल्या साविश्ना, आणि पानभर मजकुराच्या तिच्या प्रेमाला झारच्या सेन्सॉरने का भ्यावे?

आपल्यापैकी पुष्कळांनी टॉलस्टॉय वाचला तो मॉस्कोत छापलेल्या स्वस्त सोव्हिएत पुस्तकांतून. 'वॉर अँड पीस', 'अ‍ॅना करेनिना' ही नावे तोंडावर असतात. 'बालपण', 'कुमारवय' आणि 'तारुण्य' ही १८५२ ते १८५७ या काळात आलेली त्रयी मात्र मागे राहून जाते. तिचा नायक निकोलेन्का इर्तेन्येव. दहावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झालेत, आणि सकाळी सकाळी कार्ल इवानिच हे जर्मन मास्तर साखरेच्या निळ्या कागदाच्या फडक्याने त्याच्या डोक्यावरची माशी मारतात. तिथून कथा सुरू होते. पियानो वाजवणारी आई, जुगारी आणि रुबाबदार वडील, शिकारीचे कुत्रे, घरात येऊन राहणारा ग्रीशा नावाचा वेडसर साधू. मग मुलांना शिक्षणासाठी मॉस्कोला नेतात, आणि आई जाते. घडते ते एवढेच. तरीही रशियन साहित्यात जमीनदाराच्या घरातले सोन्यासारखे बालपण म्हणून जे चित्र पुढे रूढ झाले, त्याचा पाया या पुस्तकाने घातला.

हे सोने कुठून आले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पीटर द ग्रेटच्या अमदानीत सरदार-जमीनदारांना आयुष्यभर सरकारची चाकरी सक्तीची होती. १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने ही सक्ती उठवली. त्यानंतर अनेक जमीनदार खेड्यावरच्या आपल्या जमिनीकडे परतले, त्यांनी तिथे मोठी घरे बांधली, बागा केल्या, फ्रेंच आणि जर्मन शिक्षक ठेवले. मालकांची चाकरी सुटली; त्यांच्या जमिनीला बांधलेल्या भूदासांची काही सुटली नाही. उलट १७६७ मध्ये कॅथरीन राणीने भूदासाने मालकाविरुद्ध तक्रार करणे हाच गुन्हा ठरवला. मालक त्याला विकू शकत होता, सैन्यात पाठवू शकत होता, सैबेरियात धाडू शकत होता. लग्नालाही मालकाची परवानगी लागे. कोणाची श्रीमंती किती हे एकरांवर ठरत नसे, तर पदरी 'जीव' किती त्यावर ठरे, आणि या मोजणीत फक्त पुरुष धरत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे खाजगी मालकीचे भूदास, बायकामुले धरून, सव्वादोन कोटींच्या आसपास होते. त्यांतले काही शेतावर वेठ करत आणि काही मालकाच्या घरात राबत. मुलांचा दिवसरात्र संबंध येई तो या दुसऱ्यांशी.

नताल्या साविश्ना त्यांतलीच. साव्वा नावाच्या भूदास वादकाची ही मुलगी, गुबगुबीत, अनवाणी, हसरी नताश्का. निकोलेन्काच्या आजोबांच्या वेळी ती वाड्यात कामाला आली, आणि पुढे धाकट्या बाईसाहेबांची, म्हणजे निकोलेन्काच्या आईची, दाई झाली. वाड्यातल्या फोका नावाच्या तरुण वाढप्यावर तिचे मन बसले. तिने धन्याकडे लग्नाची परवानगी मागितली. धन्याला हा कृतघ्नपणा वाटला, आणि शिक्षा म्हणून त्याने तिला स्टेपीतल्या एका खेड्यावर गोठ्यात पाठवले. सहा महिन्यांनी परत बोलावले, कारण तिची जागा भरून काढील असे कोणी मिळेना. ती जाडाभरडा झगा घालून आली, धन्याच्या पाया पडली, झाला वेडेपणा माफ करा म्हणाली आणि पुन्हा असे होणार नाही असा शब्द दिला. तो तिने पाळला. त्या दिवसापासून नताश्काची नताल्या साविश्ना झाली, तिच्या डोक्यावर टोपी आली, आणि सगळी माया तिने त्या मुलीवर ओतली.

सेन्सॉरने उडवली ती हीच गोष्ट. तिच्यात धनी कोणाला मारत नाही, कोणी आरडाओरडा करत नाही. पण ती काढली की उरते फक्त एक प्रेमळ म्हातारी. ती ठेवली, की ती माया कुठून वळवून आणली आहे तेही दिसते. दिवस वाईट होते. १८४८ च्या युरोपातल्या क्रांत्यांनंतर पहिल्या निकोलसने छापखान्यांवर करडी नजर ठेवली होती. त्याच १८५२ साली तुर्गेन्येवच्या शिकारकथांचे पुस्तक छापायला परवानगी देणाऱ्या सेन्सॉरची नोकरी गेली, आणि तुर्गेन्येवला गोगोलवर लिहिलेल्या मृत्युलेखाचे निमित्त करून आधी अटकेत ठेवले, मग त्याच्या गावी नजरकैदेत धाडले. अशा वेळी कुठल्या अधिकाऱ्याने जोखीम घ्यावी?

पुढच्या आवृत्त्यांत ती गोष्ट परत आली, आणि आज आपण वाचतो ते पुस्तक पूर्ण आहे. ते वाचताना माझे लक्ष दरवेळी फोकाकडे जाते. तोच फोका आता म्हातारा झाला आहे आणि जेवण वाढल्याची वर्दी द्यायला दारात उभा राहतो. ज्या घरात त्यांचे लग्न होऊ दिले नाही, त्याच घरात ती दोघे म्हातारी झाली. टॉलस्टॉय यावर अवाक्षर काढत नाही. निकोलेन्काला जेवायला बोलावतात आणि तो जातो.

आणखी दोन प्रसंग सांगतो. आईचे लग्न झाले तेव्हा तिने आपल्या दाईला बोलावून सरकारी शिक्क्याच्या कागदावरचे मुक्तीपत्र दिले, आणि वर्षाला तीनशे रूबल देण्याचे कबूल केले. म्हातारी गप्प ऐकत राहिली, कागद घेतला, काहीतरी पुटपुटली आणि दार आपटून निघून गेली. थोड्या वेळाने आई तिच्या खोलीत गेली, तर ती पेटीवर बसून जमिनीवरच्या तुकड्यांकडे डबडबल्या डोळ्यांनी बघत होती. तिला वाटले, आपण नकोसे झालो म्हणून हाकलतात. दुसरा प्रसंग निकोलेन्काचा. त्याने मेजावरच्या चादरीवर क्वास सांडला. नताल्या साविश्नाने त्याला पकडून ती ओली चादर तोंडाला घासली. पोरगा रागाने लाल झाला. रडून झाल्यावर त्याच्या मनात आले ते असे, की ही आपल्याला अरेतुरे करते आणि नोकराच्या पोरासारखे ओल्या फडक्याने मारते! थोड्या वेळाने ती भीत भीत आली आणि रुमालाखालून कागदाची पुडी काढली. आत दोन कॅरॅमल आणि एक सुके अंजीर. पोराला तिच्या तोंडाकडे बघवेना. दहा वर्षांच्या मुलाला मालकी आणि लाज एकाच दुपारी कळते, ती अशी.

याच सुमारास आणखी दोघे या बालपणाकडे वळले होते. गोंचारोवने 'ओब्लोमोवचे स्वप्न' १८४९ मध्ये छापले. त्यातल्या चौदा वर्षांच्या इल्यूशाने पाय पुढे करायचा आणि झाखारने त्यात मोजा चढवायचा. काही चुकले तर झाखारच्या नाकावर लाथ. पुढे या मुलाला पलंगावरून उठणेसुद्धा जमत नाही, ही कादंबरी जगप्रसिद्ध आहे. अक्साकोवचे बालपणाचे पुस्तक १८५८ चे. उफाकडच्या नद्या, मासे, बर्फातले लांबलांब प्रवास यांचे असे वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. त्या पुस्तकाला जोडून 'किरमिजी फूल' ही परीकथा छापली आहे, रशियात आजही मुलांना वाचून दाखवतात ती. मुलाला ती सांगते कोण? पेलागेया, घरातली भूदास कारभारीण. पाराशिनो गावचा कठोर मुकादमही त्या पुस्तकात आहे. छोट्या सेर्योझाला त्याचा राग येतो आणि वडील त्याला का काढत नाहीत ते कळत नाही. मुकादमाचे नातेवाईक मोठ्या आजीबाईंच्या मर्जीतले आहेत, हे खरे कारण.

टॉलस्टॉयकडे परत येऊ. 'कुमारवय'मध्ये मॉस्कोच्या वाटेवर कात्येन्का, म्हणजे घरातल्या शिक्षिकेची मुलगी, निकोलेन्काला सहज म्हणून जाते की तुम्ही श्रीमंत आहात आणि आम्ही गरीब. त्याला धक्का बसतो. जगात आपल्या कुटुंबाशी काहीच संबंध नसलेली, आपण आहोत हेही ठाऊक नसलेली माणसे आहेत, हे त्याला प्रथमच जाणवते. 'तारुण्य'मध्ये तर तो माणसांच्या दोनच जाती करतो, रीतीची आणि बिनरीतीची; रीतीच्या माणसाची पहिली खूण म्हणजे फ्रेंच उच्चार चोख असणे, दुसरी लांब, स्वच्छ नखे. (परदेशात उच्चारांवरून एकमेकांना जोखणाऱ्या आपणा मंडळींना हे प्रकरण हसवील आणि थोडे टोचेलही.) विद्यापीठात साध्या घरांतली, मळक्या कपड्यांची मुले त्याच्याहून किती तरी जास्त वाचलेली निघतात. शेवटच्या प्रकरणात तो परीक्षेत नापास होतो.

आता गंमत अशी, की हे सगळे टॉलस्टॉयचे स्वतःचे बालपण नाहीच. १८३० मध्ये आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. तिचे मोठेपणीचे एकही चित्र नव्हते, लहानपणीची एक छायाकृती तेवढी होती. वडील १८३७ मध्ये वारले, मुले आत्यांकडे वाढली. कादंबरीतले वडील बेतले शेजारच्या इस्लेन्येव या जमीनदारावर. पुस्तकातली ती हसरी आई त्याला मनाने घडवावी लागली. आणि ज्या मोठ्या घरात तो जन्मला ते १८५४ मध्ये विकले गेले. घेणाऱ्याने ते मोडून दुसऱ्या गावी नेऊन उभे केले. यास्नाया पोल्यानात त्या जागी पुढे झाडे वाढली.

१८५६ मध्ये टॉलस्टॉय लष्करातून गावी आला तो भूदासांना मुक्त करायचे ठरवून. वारसाहक्काने मिळालेले तीनशेहून अधिक 'जीव' त्याच्या नावावर होते. त्याने सभा घेऊन योजना समजावली. शेतकऱ्यांनी नकार दिला. नव्या झारच्या राज्यारोहणाच्या वेळी जमिनीसकट सुटका होणार अशी अफवा होती, आणि तरुण मालक आधीच कागदावर सही मागतोय म्हणजे काही तरी डाव असणार, असा त्यांचा हिशेब. नताल्या साविश्नाने कागद फाडला तो मायेने, यांनी परत केला तो अविश्वासाने. जाहीरनामा निघाला १८६१ मध्ये, आणि जमिनीसाठी त्यांना मोजावे लागणारे हप्ते रद्द झाले थेट १९०७ पासून.

१९१७ नंतर ही घरे गेलीच. बुनिनने आपल्या गावाकडच्या बालपणाची कादंबरी फ्रान्समध्ये बसून लिहिली. पण तिच्यात आणि टॉलस्टॉयमध्ये एक फरक मला वाटतो. बुनिन गमावलेल्यावर लिहितो. टॉलस्टॉयने लिहिले तेव्हा सगळे अजून उभे होते, आणि त्याच्या हाती होते.

कादंबरीत नताल्या साविश्ना मरते तेव्हा तिच्या भावाला वारसा मिळतो तो कागदी नोटांत पंचवीस रूबल किमतीचा. श्रीमंत घरात साठ वर्षे काढून, सगळ्या किल्ल्या हाती असून म्हातारीने एवढेच ठेवले, यावर त्याचा विश्वास बसत नाही. उतारवयात, १९०३ च्या पुढे लिहिलेल्या आठवणींत टॉलस्टॉयने 'बालपण' हे आपले पुस्तक कृत्रिम म्हणून झिडकारले. त्यातल्या एका व्यक्तीबद्दल मात्र त्याने वेगळे लिहिले. यास्नाया पोल्यानाच्या घरात प्रास्कोव्या इसाएव्ना नावाची म्हातारी कारभारीण होती. नताल्या साविश्ना म्हणजे तीच, आणि तिच्याबद्दल लिहिलेले सगळे खरे आहे.