सिंधी भाषिक अल्पसंख्याक कोटा (उल्हासनगर परिसर)
महाविद्यालयीन प्रवेशात सिंधी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. 1949 मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच वर्षी मुंबईत प्राचार्य के. एम. कुंदनानी व बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड उभे केले. उल्हासनगर-३ मधील चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय (सीएचएम) याच संस्थेचे.

कोट्याचा घटनात्मक आधार म्हणजे अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणारा अनुच्छेद 30. अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै खटल्यात (2002) सांगितले. म्हणून गल्लोगल्ली सिंधी ऐकू येणाऱ्या उल्हासनगरातही सिंधी भाषिक अल्पसंख्याकच ठरतात. महाराष्ट्रात अकरावीला अल्पसंख्याक संस्थांत 50 टक्के जागा त्या समाजासाठी असतात. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा ‘मातृभाषा’ हा रकाना पाहिला जातो. घरात हिंदी बोलणारी तिसरी पिढीही तिथे ‘सिंधी’ असते, आणि ते गैर म्हणता येत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी मुलांना या कोट्याचा लाभ नाही. खुल्या जागांची कटऑफ पाहायची, नाहीतर बदलापूरचे आदर्श महाविद्यालय किंवा लोकलने कल्याण गाठायचे. अनुच्छेद 15(5) अल्पसंख्याक संस्थांना सामाजिक आरक्षणातून वगळतो. तरीही 2025 मध्ये शासनाने अकरावीसाठी ते त्यांना लागू करू पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला स्थगिती दिली.