पोर्ट ऑफ स्पेनचा रविवार

१९ नोव्हेंबर १९८९, रविवार. त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन देशाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन सकाळपासून लाल रंगात न्हाऊन निघाली होती. लाल हा तिथल्या फुटबॉल संघाचा रंग. समोर अमेरिकेचा संघ होता. दोन्ही संघांचे गुण सारखे, पण गोलांच्या फरकात त्रिनिदाद पुढे, त्यामुळे बरोबरी झाली तरी पुढच्या वर्षी इटलीत होणाऱ्या विश्वचषकात त्यांचा प्रवेश पक्का होता. पंतप्रधानांनी दुसऱ्या दिवशीची सार्वजनिक सुट्टी आधीच जाहीर करून टाकली होती. मैदानात मावतील त्याहून जास्त तिकिटे विकली गेली होती आणि तिकीट हातात असलेले कितीतरी लोक बाहेरच राहिले.

सामन्याला अर्धा तास होत आला असताना पॉल कॅलिज्युरी या अमेरिकी खेळाडूने डाव्या पायाने लांबून चेंडू उंच उडवला. तो गोलरक्षक मायकेल मॉरिसच्या हाती न लागता जाळ्यात पडला. १-०. उरलेला तासभर काहीही घडले नाही. चाळीस वर्षांनंतर अमेरिका विश्वचषकात गेली. सुट्टी मात्र ठरल्याप्रमाणे झाली.

त्या पराभवाचे वजन कळायला आधी त्या देशाकडे पाहावे लागते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित लहान असे त्याचे क्षेत्रफळ आणि तेरा लाखांच्या आसपास वस्ती. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. 'फतेल रझाक' हे पहिले जहाज कोलकात्याहून निघाले आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे अशी गेली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, काही मद्रासकडची. मराठी माणूस या वाटेने फारसा गेला नाही. तो मुंबई बंदरातून मॉरिशसला गेला. आज त्रिनिदादमध्ये आफ्रिकी वंशाचे आणि भारतीय वंशाचे लोक जवळजवळ समसमान आहेत, आणि १९६२ साली स्वातंत्र्य मिळाल्यापासून तिथले राजकारण बहुतांशी याच रेषेवर दुभंगलेले आहे.

ही रेषा पुसली जाईल असे १९८६ साली वाटले होते. ए. एन. आर. रॉबिन्सन आणि बासदेव पांडे यांच्या आघाडीने ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या. दोन वर्षांत आघाडी फुटली, पांडे बाहेर पडले. तेलाचे भाव आधीच कोसळलेले होते, सरकारी नोकरांच्या पगारात कपात झाली. अशा वर्षात फुटबॉलचा संघ जिंकत गेला. निवडणुकीने केलेले आणि मोडलेले वचन आता अकरा पोरे पुरे करतील, असा त्या रविवारचा अर्थ होता. आठ महिन्यांनी, २७ जुलै १९९० रोजी, सशस्त्र बंडखोरांनी संसदेत घुसून रॉबिन्सन यांना ओलीस धरले, त्यांच्या पायात गोळी घातली. फुटबॉल हरल्यामुळे बंड झाले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या लाल रविवारी जे झाकले गेले होते, ते फार काळ झाकलेले राहिले नाही.

तसा हा त्यांचा पहिला घाव नव्हे. १९७३ साली हैतीविरुद्ध हैतीच्याच राजधानीत खेळताना त्रिनिदादचे एकामागून एक गोल पंचांनी बाद ठरवले, सामना २-१ असा हरवला, आणि १९७४ च्या विश्वचषकाला हैती गेला. त्या वेळी निदान दोष द्यायला पंच होता. १९८९ साली तोही नव्हता, हे अधिक कठीण होते.

त्या रविवारच्या संघात टोबॅगोचा ड्वाइट यॉर्क होता, नुकताच अठरा वर्षांचा झालेला, आणि एकवीस वर्षांचा रसेल लटापी होता. यॉर्क पुढे मँचेस्टर युनायटेडकडून युरोप जिंकून आला, लटापीने पोर्तुगाल आणि स्कॉटलंडमध्ये नाव कमावले. २००५ साली दोघेही राष्ट्रीय संघात परतले. अखेरच्या फेरीची सुरुवात इतकी वाईट झाली होती की प्रशिक्षक बदलावा लागला. डच प्रशिक्षक लिओ बेनहाकर आले. शेवटच्या सामन्यात मेक्सिकोला २-१ हरवून संघाने बहारीनशी दोन सामने खेळण्याची संधी मिळवली. पहिला घरच्या मैदानावर १-१ असा सुटला. तो गोल क्रिस बर्चलचा, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गोऱ्या मुलाचा, ज्याची आई पोर्ट ऑफ स्पेनची. १६ नोव्हेंबर २००५ रोजी मनामामध्ये उंचापुऱ्या डेनिस लॉरेन्सने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोके लावले. १-०. सोळा वर्षांना तीन दिवस कमी होते. या वेळी सुट्टी विजयानंतर जाहीर झाली.

मी तेव्हा नोकरीनिमित्त कोलकात्यात स्थायिक झालो होतो. विश्वचषक आला की आमची गल्ली ब्राझील आणि अर्जेंटिना अशी वाटली जाते, गच्च्यांवर झेंडे लागतात. १० जून २००६ च्या रात्री साडेनऊला त्रिनिदाद आणि स्वीडन यांचा सामना पाहायला आमच्या घरी तिघेच होतो. सराव करताना गोलरक्षक केल्विन जॅक जायबंदी झाला म्हणून ऐनवेळी सदतीस वर्षांचा शाका हिस्लॉप उभा राहिला. दुसरा अर्धा भाग सुरू होताच एव्हरी जॉनला बाहेर काढले. दहा जणांनी इब्राहिमोविच आणि लार्सन यांना रोखून धरले. ०-०. पुढे इंग्लंडला ८३ व्या मिनिटापर्यंत अडवले, मग ०-२ हरले. पॅराग्वेकडूनही ०-२. एक गुण, शून्य गोल. तोवर विश्वचषकात पोचलेला लोकसंख्येने सर्वांत लहान देश हाच होता. पुढे आइसलँडने आणि मग क्युरासावने तो मान घेतला.

आता एक कबुली. त्या रात्री संघाची यादी पडद्यावर आली तेव्हा मी पहिल्यांदा एक भारतीय आडनाव शोधले. सिंग, मोहम्मद, रामदीन, काहीही. तेवीस जणांत एकही नव्हते, आणि मी खट्टू झालो. शेजारच्या बंगाली मित्राने विचारले, "की खुँजछो?" काय शोधतोयस? मला उत्तर देता आले नाही.

त्या अभावाला कारणे आहेत. फुटबॉल राजधानीच्या शाळांत आणि मोहल्ल्यांत वाढला. भारतीय वस्ती उसाच्या पट्ट्यात होती, आणि तिथे क्रिकेट रुजले. १९५० साली इंग्लंडला जिंकणाऱ्या वेस्ट इंडिज संघातला सनी रामाधीन तिथलाच. पण कारणे सापडली तरी माझ्या शोधाची लाज कमी होत नाही. सातासमुद्रापार गेलेल्या माणसांत आपण 'आपले' शोधतो, ते नायपॉल झाले किंवा पंतप्रधान झाले तर. आणि तिथले लोक तोच हिशोब रोज करत बसले, तर त्याला आपण त्यांचे दुर्दैव म्हणतो. यादी वाचताना आधी आडनाव पाहण्याची सवय मी कोकणातून कोलकात्याला जशीच्या तशी आणली होती.

विजयाचाही शेवट गोड झाला नाही. ठरलेल्या पैशांसाठी खेळाडूंना आपल्याच संघटनेविरुद्ध लवादाकडे जावे लागले, आणि ते भांडण कित्येक वर्षे चालले.

कधी खिदिरपूरकडे गेलो तर मी नदीकाठी थोडा वेळ थांबतो. गिरमिटियांची जहाजे याच पाण्यातून गेली. तिथे उभे राहिलो की २००५ च्या विजयापेक्षा मला १९८९ चा पराभवच आठवतो. ठेचून भरलेले मैदान, बाहेर अडकलेले लोक, हातातोंडाशी आलेला घास गेलेला. तरी दंगल झाली नाही. हरलेल्या लोकांनी जिंकलेल्या संघाशी सभ्यपणे वागून घर गाठले. त्या वर्षीचे खिलाडूवृत्तीचे पारितोषिक फिफाने त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या प्रेक्षकांना दिले. त्यात कोणाचेच नाव नव्हते, त्यामुळे आडनावही नव्हते.