भाईंदर पूर्वेतील बालाहार: पेजेपासून डब्यापर्यंत

भाईंदर पूर्व आज इमारतींनी भरली असली तरी तिच्या पोटात नवघर, गोडदेव आणि खारी ही जुनी गावे आहेत. खाजणातील भातशेती, मिठागरे आणि वसईच्या खाडीतील मासळी यांवर इथल्या आगरी-कोळ्यांचा संसार चाले आणि तान्ह्या मुलाचे अन्नही त्यातूनच येई. आरंभ तांदळाच्या पेजेने. तांदूळ फुटेपर्यंत उकळायचा, आधी नुसती निवळ पाजायची, मग दिवस जातील तशी शिते वाढवायची. दात आले की मऊ भात, भाकरीचा पापुद्रा आणि काटे काढलेली मासळी. मऊ मांसाचा ओला बोंबील त्यासाठी सोयीचा. मुलासाठी वेगळी चूल पेटत नसे. कालवणात वाटण पडण्याआधी वाटीभर बाजूला काढून ठेवले की काम झाले. मूल मोठे होई तशी ही वाटी उशिरा उशिरा काढली जाई आणि एक दिवस ती बंद होई. तोवर मूल घरच्या तिखटाला सरावलेले असे.

पहिल्या घासाचा विधी मात्र फार जुना. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. मुलाने पुढे काय व्हावे यानुसार बोकडाचे मांस, तित्तिराचे मांस किंवा तूपभात असे पर्याय तेथे आहेत; दही, मध आणि तूप कालवलेले अन्नही आहे. नंतरच्या काळात यातले मांस गळाले आणि महाराष्ट्रात उष्टावणाला खीर आली. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याचा प्रघात पडला. बाळ मामाच्या मांडीवर बसते, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने जिभेला लावली जाते. बहुतेक बाळे तोंड वाकडे करतात आणि जमलेली मंडळी हसतात. यात एक शहाणपण आहे: त्या दिवशी बाळाने पोटभर खावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. चव लागली, की विधी संपला.

न खाणाऱ्या मुलाला वळवण्याच्या युक्त्याही परंपरेत होत्या. चिऊचा घास, काऊचा घास सर्वांना ठाऊक आहे. संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या बोरन्हाणात हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओततात आणि भोवतालची पोरे ते वेचून खातात. ज्या फळाला मूल ताटात हात लावणार नाही, तेच चार पोरांच्या झटापटीत ते तोंडात टाकते. पंगतीतही हेच घडे. वाढपी सगळ्यांना सारखेच वाढी आणि शेजारचा खातो म्हणून हाही खाई.

म्हणून पूर्वीची मुले हट्टी नव्हती असे मात्र नाही. हट्ट होता, पर्याय नव्हता. ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी होई, तिथे मुलाने पानात टाकलेले दुसरे मूल खाऊन टाकी आणि गोष्ट तिथेच संपे. कुपोषणाने खंगणाऱ्या मुलांकडे पाहता त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ‘आमचा काही खातच नाही’ ही तक्रार घरात निवडीला वाव असेल तिथेच रुजते.

भाईंदरला तो वाव शहराबरोबर आला. रेल्वे १८६० च्या दशकातच या पट्ट्यात पोहोचली होती, पण वस्ती वाढली ती फार पुढे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कितीतरी कुटुंबांनी उपनगरांपलीकडची वाट धरली. स्वस्त घराच्या शोधात इतरही येत राहिले. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. कोकण, घाट, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि दक्षिणेतली कुटुंबे एकाच जिन्यावर राहू लागली. मुलाच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. स्वतःच्या घरी नाक मुरडणारे पोर शेजारच्या मारवाडी किंवा तुळू घरात तेच धान्य वेगळ्या रूपात मिटक्या मारत खाऊ लागले. भाकरी नको, पण थेपला चालतो. भात नको, पण इडली चालते. खाण्यात खोड काढणाऱ्या मुलाला भारतीय जेवणाची गोडी लावायला याहून चांगली सोय कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडणार नाही.

त्याच काळात दुकानातला खाऊही वाढला. याच रेल्वेमार्गावरच्या विलेपार्ल्यात १९३९ पासून बनणारे ग्लुकोज बिस्किट घरोघरी दुधात बुडत होतेच. १९८३ मध्ये मॅगी आली आणि मधल्या वेळेचे पोहे-उपीट मागे सरले. तान्ह्यांच्या डबाबंद अन्नाची जाहिरातबाजी इतकी वाढली की १९९२ मध्ये केंद्राने कायदा करून तिला आवर घातला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. नाचणीचे सत्त्व मात्र टिकून राहिले. नाचणी भिजवून मोड आणायचे, वाटून फडक्यातून गाळायची, तळाशी बसलेला साका वाळवायचा: दोन-तीन दिवसांचे काम. आता बहुतेक घरे ते तयार विकत घेतात.

सरकारी ताटाची कथा वेगळी आणि तिची पार्श्वभूमी बालशिक्षणाची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालशिक्षण नेले. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी आणि पूरक आहार जोडले गेले. १५ ऑगस्ट १९९५ ला शालेय पोषण योजना आली. आरंभी महिन्याला ३ किलो धान्य घरी मिळे. ते घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटले जाई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिल्यावर महाराष्ट्राच्या शाळांत खिचडी शिजू लागली. खिचडीचा कंटाळा हा मुलांचा जुना गाऱ्हाण्याचा विषय, तरी तिच्यामुळे पंगत परत आली. २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले, तेव्हा शाकाहारी पालकांचा विरोध झाला आणि अंडे न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय ठेवावी लागली.

मुलाला चव कशी लागते, यावर पाश्चात्त्य संशोधनही विसाव्या शतकातले. क्लारा डेव्हिस यांनी १९२८ मध्ये दाखवले की नुकते अंगावरचे दूध सुटलेले मूल स्वतः निवडूनही नीट वाढते. अर्थात त्यांच्या ताटांत साखर-मैद्याचे काही नव्हतेच, सारे साधे अन्न होते. लिअन बर्च यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसले की नवा पदार्थ पुन्हा पुन्हा चाखला की मूल तो स्वीकारते. आठ-दहा वेळाही लागू शकतात. दोन नकारांनंतर पदार्थ कायमचा बाद करणाऱ्या घरात ही संधीच उरत नाही.

आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांनंतर वरचे अन्न आणि वर्षभर मीठ-साखर नको असे सांगतात. मिठागरांच्या गावात हा सल्ला आजीच्या पचनी पडत नाही. परदेशातून सुटीत आलेल्या नातवंडांसाठीही इथे जुनाच क्रम चालतो: पहिले काही दिवस वरणभात-तूप, दही, साधा डोसा, वसईची सुकेळी; मग मेतकूट-भात, थालीपीठ; आणि वाटणाआधी काढलेली ती वाटी, दर आठवड्याला थोडी अधिक तिखट.