आधी भिंत, मग फरशी : किल्लारीच्या दुरुस्तीचा इतिहास

२०२४ सालात आपल्या परभणीची जमीन दोनदा चांगलीच हलली. २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमारास आणि १० जुलैला सकाळी सातच्या सुमारास. दोन्ही वेळा केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होते आणि तीव्रता साधारण ४.५ होती. भांडी वाजली, माणसे अंगणात आली. नंतर कुठे फरशी तडकलेली दिसली, कुठे मोरीची टाइल सुटली, कुठे भिंतीला रेघ उमटली. आता बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते, ती बहुतेक वेळा नवीन फरशीसाठी. म्हणून आज किल्लारीच्या दुरुस्तीची गोष्ट सांगते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. तीव्रता ६.२ च्या आसपास होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. हा भाग तोवर सरकारी नकाशात भूकंपाचा सर्वात कमी धोका असलेला मानला जात होता.

एवढी माणसे का गेली? घरे आपल्यासारखीच होती. दोन-दोन फूट रुंद दगडी भिंती, पण जोडायला नुसती माती. भिंतीची आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर दरवर्षी पांढरी माती टाकायची. जुनी कोणी काढत नसे. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत गेले. जमीन हलली तशी भिंत उकलली आणि दगड-माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्यानंतर लोकांनी दगडाचा धसकाच घेतला. सगळ्यांना सिमेंटचे घर हवे झाले. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली. पण बाराशेहून जास्त गावांत घरे उभी होती, फक्त तडकलेली. तिथे जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम चालवला. घर मालकाने स्वतः दुरुस्त करून घ्यायचे, आणि मदत टप्प्याटप्प्याने मिळायची.

सुरुवातीला काम नीट पुढे सरकेना. घराला काय करून घ्यायचे हेच घरच्यांना उमगत नव्हते. पैसा येतोय तर जुने घर तसेच ठेवून बाजूला एक नवी खोली बांधावी, असा अनेकांचा विचार होता. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढे आली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. शेतमजुरी करणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायका इंजिनिअरशी बोलायला शिकल्या. घरोघरी जाऊन मदत कशी मिळते, भिंतीला काय करायचे, गवंड्याला काय विचारायचे हे सांगू लागल्या. पुढे २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

मजबुतीकरणात काय काय करायचे होते? माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपा आधार द्यायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे आतली-बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहते. घराभोवती सिमेंट-सळईचा पट्टा ओढायचा. दोष एकट्या दगडाचा नव्हता, दगड बांधून न ठेवण्याचा होता, हे या कामातून लोकांना समजले.

आता आपल्या फरशीकडे येऊ. तडकलेली फरशी बदलण्याआधी बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजली, पण भिंत सरळ असेल, तर खालचा माल सुटला असण्याची शक्यता जास्त. ती फरशी काढावी, खालचा जुना माल खरवडून, जागा साफ आणि ओली करून नव्याने बसवावी. पण तीच चीर फरशीतून भिंतीत चढली असेल, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेली असेल, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल, किंवा भिंतीला पोट आले असेल, तर फरशीला हात लावू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. महिनाभराने चीर खुणेच्या पुढे गेली असेल, तर घर अजून हलते आहे. भिंतीला पोट आले असेल, तर महिनाभर थांबूही नका; त्या भिंतीशेजारी झोपणे आधी बंद करा. दोन्ही वेळा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पंचायत समितीच्या इंजिनिअरला घर दाखवा.

गवंडी म्हणेल, “ताई, वरून गिलावा मारतो, दिसणारच नाही.” चीर दिसेनाशी झाली म्हणजे भिंत सांधली गेली असे नाही. उलट पुढच्या धक्क्याआधी ती ओळखायची संधी जाते. टाइल तर गिलाव्याहून जास्त झाकते, आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता भरावाच लागतो.

म्हणून प्रत्येक गटाला एक विनंती. घराच्या कामाचे कर्ज मंजूर करण्याआधी गटातल्या दोघींनी ते घर बघून यावे, चिरा वहीत लिहाव्यात आणि भिंतीच्या कामाला आधी पैसे द्यावेत. किल्लारीकडच्या बायकांनी हे संकट येऊन गेल्यावर शिकून घेतले. आपल्याला ते आधीच करता येईल. येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.