डोळ्यातला कोंडा

१९१७ साली फिनलंडच्या जॉन लिंडबर्ग या डॉक्टरांना वयस्कर माणसांच्या डोळ्यांत, बाहुलीच्या कडेला राखाडी कोंडा दिसला. हाच एक्सफोलिएशन सिंड्रोम. बरीच वर्षं तो उत्तर युरोपातलाच आजार वाटे. मग अरविंद नेत्र रुग्णालयाने तमिळनाडूतल्या खेड्यांत चाळिशीपुढचे ५,१५० जण तपासले. २००३ साली आकडा छापून आला, शंभरात ६. आपल्यासारखीच उन्हातान्हात राबणारी माणसं ही!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हा कोंडा नडतो. थेंब घालूनही बाहुली नीट मोठी होत नाही, भिंग धरणारे धागे कच्चे असतात. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत राहतात. म्हणून सासूबाईंना शिबिराला नेलंत की बाहुली मोठी करून तपासलं का, विचाराच. कोंडा ऑपरेशननंतरही साठतो, काचबिंदू होऊ शकतो. डोळ्याचा दाब पुढेही मोजून घ्यावा लागतो.