मधाचा उन्हाळा : क्रुपनिकासची कुळकथा

लिथुआनियन भाषेत जुलै महिन्याला 'लिएपा' म्हणतात. लिएपा हे लिंडेनच्या झाडाचे नाव. या महिन्यात ते झाड फुलते, मधमाश्यांची धांदल उडते आणि पाठोपाठ 'मेदकोपिस' येते, म्हणजे पोळ्यांतून मध काढण्याचे दिवस. ताज्या काकडीच्या फोडीवर ताजा मध घालून खाण्याची तिथली रीत याच दिवसांतली. हे लक्षात घेतले की 'क्रुपनिकास' या तिथल्या मधाच्या लिकरबद्दलची एक पक्की समजूत पुन्हा तपासावीशी वाटते. लवंग, दालचिनी, वेलदोडा, जायफळ घातलेले हे लिकर थंडीत गरम करून प्यायचे, नाताळाला घरोघरी करायचे. तेव्हा बर्फ आणि लिंबू घालून त्याचे उन्हाळी कॉकटेल करणे म्हणजे परंपरा मोडणे, अशी ती समजूत. या पेयाचे कूळ शोधत मागे गेले तर मात्र असे दिसते, की हिवाळा हे त्याचे सासर आहे, माहेर उन्हाळाच.

क्रुपनिकासच्या जन्माची कथा नेहमी नेस्विझच्या मठापासून सुरू होते. हे गाव आज बेलारूसमध्ये आहे, पण तेव्हा लिथुआनियाच्या महासंस्थानात होते. तिथल्या बेनेडिक्टाइन साधूंनी 16व्या शतकात ही कृती बसवली, असे सांगतात. ही आख्यायिका खरी धरली तरी तिने फार तर एका पाककृतीचा उगम कळतो, पेयाचा नाही. नावच पाहा. 'क्रुपनिक' हा पोलिश शब्द. त्याला लिथुआनियन भाषेने आपला 'आस' हा प्रत्यय जोडून घेतला. पोलिशमध्ये तोच शब्द बार्लीच्या घट्ट सूपलाही वापरतात. मसाले तर आणखी लांबचे : मिरी आणि वेलदोडा दक्षिण सह्याद्रीच्या उतारांवरचे, लवंग आणि जायफळ मोलुक्का बेटांवरचे. ऊर्ध्वपातनाची विद्याही बाहेरून आलेली. नाव, मसाला आणि भट्टी अशा तिन्ही गोष्टी वजा केल्या की बाटलीत अस्सल घरचे असे एकच उरते, ते म्हणजे मध.

या मधाचे कूळ मात्र मठाहून कितीतरी जुने आहे. 9व्या शतकाच्या अखेरीस वुल्फस्टान नावाचा प्रवासी बाल्टिक समुद्राकाठी गेला होता. त्याची हकीकत इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या काळातल्या ग्रंथात नोंदवलेली आहे. तो सांगतो, की तिथे मध विपुल आहे. राजा आणि श्रीमंत घोडीचे दूध पितात, तर गरीब आणि गुलाम मधाचे आंबवलेले पेय पितात. ही हकीकत प्राचीन प्रशियन लोकांची, पण ते लिथुआनियनांच्याच बाल्टिक भाषाकुळातले. पुढे 1529च्या लिथुआनियन कायदेसंहितेत मधमाश्यांच्या झाडांना संरक्षण मिळाले, कारण तेव्हा मध जंगलातल्या झाडांच्या ढोल्यांतून काढत. भाषेची साक्ष याहून बोलकी आहे. लिथुआनियन माणूस जनावराच्या मरणाला वेगळे क्रियापद वापरतो, मधमाशीच्या मरणाला मात्र माणसाचेच. मित्राला तिथे 'बिचुलिस' म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात मधमाशीचे 'बिते' हे नाव आहे, कारण माश्यांची भागीदारी म्हणजे घरोबा. मधाला ते 'मेदुस' म्हणतात, मधाच्या आंबवलेल्या पेयाला 'मिदुस'. संस्कृत 'मधु' आणि मेदुस एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत, म्हणजे आपला 'मध'ही त्याच घरातला.

मग हिवाळा कुठून आला? मिदुस करायला मध भरपूर लागतो आणि मुरायला वेळही फार लागतो. जंगले तुटून शेते वाढली तसे धान्याचे मद्य स्वस्त झाले आणि मिदुस मागे पडले. त्या जहाल मद्याला मऊपणा आणण्यापुरता मध उरला. घरी क्रुपनिकास करण्याची रीत अशी : मध, पाणी आणि मसाले मंद आचेवर तापवून वरचा फेस काढायचा, भांडे विस्तवापासून दूर न्यायचे, कारण मद्याची वाफ पेट घेते, आणि मगच मद्य ओतायचे. नंतर काही आठवडे ठेवून गाळ खाली बसू द्यायचा. टिकाऊ आणि ऊब देणारे हे पेय थंडीचे झाले, यात नवल नाही. पण ती सोय आहे, जन्मखूण नव्हे.

आता उन्हाळी ग्लासचा हिशेब पाहू. 40 टक्के अल्कोहोलचे 45 मिली क्रुपनिकास, 20 मिली लिंबाचा रस आणि 90 मिली थंड सोडा. एकूण 155 मिलीत अल्कोहोल 18 मिली, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. बर्फ वितळला की त्याहून कमी. मिदुसची तीव्रताही साधारण एवढीच. भट्टीने जे कडक केले, ते पाण्याने पुन्हा जुन्या मापावर येते. नुसता मध थंड पाण्यात घातला तर तळाशी चिकटून बसतो. लिकरमध्ये तो आधीच विरघळलेला असल्याने ग्लासभर सारखा पसरतो. मधातल्या फळशर्करेची गोडी थंडपणी अधिक जाणवते, म्हणून आंबटाचे प्रमाण राखावे लागते आणि वरून साखर लागत नाही.

लिंबू परके आहे, हा आक्षेप उरतोच. पण लवंग परकी नाही का? अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींत गेलेल्या लिथुआनियन कुटुंबांनी याच पेयात व्हिस्की आणि संत्री घालून 'बोइलो' केले, आणि आज ते तिथल्या नाताळाचे मानाचे पेय आहे. परंपरा म्हणजे कृतीची नक्कल असती, तर क्रुपनिकासही जन्मलेच नसते. ते मिदुसपाशीच थांबले असते. तिथे दर पिढीने हाताशी आले ते मधाभोवती मांडले आणि मधाला तेवढे धरून ठेवले. उन्हाळी ग्लासही तेच करतो. त्यात सजावटीला काकडीची पातळ चकती घालावी. लिंबू पाहुणे असेल, पण काकडी आणि मध मेदकोपिसच्या दिवसांपासून एकाच ताटात आहेत.