गिरमिटांतलीं नांवें



मी शिक्षक होतों तेव्हां नव्या मुलांचीं नांवें शाळेच्या जनरल रजिस्टरांत उतरविण्याचें काम माझ्याकडे असे. एके वर्षीं दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेला एक बाप मुलाला घेऊन आला. मीं आडनांव विचारलें. प्रश्न त्याला नीट कळला नाहीं आणि मला उरकण्याची घाई होती. त्यानें आपल्या बापाचें नांव सांगितलें. मीं तें आडनांवाच्या रकान्यांत लिहून मोकळा झालों. अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ ही २००८ सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी वाचतांना हा प्रसंग आठवला, आणि पुस्तक कांहीं वेळ मिटून ठेवावें लागलें.

कादंबरीचा काळ १८३८ च्या सुमाराचा. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी रद्द ठरली होती, आणि मॉरिशस बेटावरील मळेवाल्यांना उसासाठीं स्वस्त मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ नांवाचें जहाज ३६ हिंदुस्थानी मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरास लागलें. करार पांच वर्षांचा, वेतन महिना पांच रुपये. तेव्हांपासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख माणसें या वाटेनें त्या बंदरांत उतरलीं. करारपत्राला, म्हणजे ‘ॲग्रीमेंट’ला, भोजपुरी माणसांनीं ‘गिरमिट’ म्हटलें. आपल्याकडे गिरमिट हें सुताराचें हत्यार. फिरत फिरत खोल शिरणारें. योगायोग खरा, पण चपखल आहे.

घोषांची नायिका दीती ही गाझीपूरजवळची उच्चवर्णीय स्त्री. नवरा अफूच्या कारखान्यांत कामाला. तो वारल्यावर तिला चितेवर चढविण्याचा घाट घातला जातो, आणि कलुआ नांवाचा गाडीवान, जातीनें चांभार, तिला सोडवून नेतो. दोघें कलकत्त्यास येऊन गिरमिटांत नांव घालतात. तेथें कारकून ‘मधू’ आणि ‘कलुआ’ हीं नांवें आपल्या कानाला ऐकूं आलीं तशीं ‘मॅडो कोल्व्हर’ अशीं लिहितो. दीती ‘अदिती’ होते, आणि नव्या नवऱ्याची जात तीच आपली जात म्हणून सांगते. २०११ सालीं आलेल्या दुसऱ्या खंडांत मॉरिशसमध्यें या जोडप्याचा वंश वाढलेला दिसतो, आणि त्या कुटुंबाला ‘कोल्व्हर’ हेंच नांव चिकटलेलें असतें. घराण्याचा मूळ पुरुष जितका कलुआ, तितकाच तो कारकून!

हें कादंबरीकाराचें कल्पित नव्हे. मॉरिशसमध्यें पित्याचें नांवच पुढच्या पिढीचें आडनांव होऊन बसल्याचीं उदाहरणें ठायीं ठायीं आहेत. १८४२ सालीं मुंबई बंदरांतूनही मजूर नेण्याची परवानगी मिळाली आणि रत्नागिरीकडचे लोक निघाले. म्हणून तेथील मराठी घरांत ‘भिवाजी’ हें आडनांव सांपडतें. भिवाजी नांवाचा कोणी कोंकणी गृहस्थ तेथें उतरला असावा. त्याचें मूळ आडनांव मात्र पाण्यावर राहिलें. नाच तेवढा बरोबर गेला. कोंकणांतली जाखडी तेथें ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुटी असते.

एका बाबतींत मात्र माझें घोषांशीं पुरतें पटत नाहीं. एका जहाजांतले ते ‘जहाजभाई’, तेथें सारे एकाच गर्भांतून जन्मले, ही त्यांची कल्पना सुंदर आहे. पण ते जात थोडी लौकर बुडवितात. जात अशी एका प्रवासांत बुडत नाहीं. पोहत पोहत किनाऱ्याला लागते. बेटावरच जन्मलेले हिंदी लेखक अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ (१९७७) यासाठीं शेजारीं ठेवून वाचावी. तींत समुद्राचें काव्य कमी, आणि मळ्यावरचा चाबूक अधिक.

त्या मजुरांच्या नोंदवह्या मॉरिशसमधील मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत जपलेल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक. पुढें पुढें छायाचित्रेंही. वंशज येतात, पणजोबांचें गांव शोधतात. कारकुनानें गांवाचें नांवही कानावर भरंवसा ठेवून लिहिलेलें असल्यास त्यांना नकाशावर बरेंच भटकावें लागतें.

माझा तो विद्यार्थी मागील वर्षीं बाजारांत भेटला. आतां त्याचीं मुलें शिकत आहेत. मीं त्याची क्षमा मागितली आणि म्हटलें, दुरुस्तीचा अर्ज करूं या, मी बरोबर येतों. तो हंसला. म्हणाला, “राहूं द्या, गुरुजी. पोरांच्या दाखल्यावर आतां तेंच आहे. आजोबाचं नांव आहे, परक्याचं थोडंच!”